लोकर कुल्लूची, ऊन आगाशीचे

चैत्र सरत आला की विरार-वसई भागातल्या आगाशीच्या वाड्यांमध्ये दुपारचा ओलसर उकाडा साठून राहतो. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून निघालेला वारा केळीच्या पानांत अडकतो आणि घरात शिरेपर्यंत नावापुरता उरतो. अशाच एका दुपारी आमचा पिंजू पडवीतल्या फरशीवर पोट टेकून, मागचे पाय लांब ताणून पडला होता. अंगोरा रक्ताचा, पांढराशुभ्र, पिंजलेल्या कापसासारखा ससा. म्हणून नाव पिंजू. कानामागे खाजवायला म्हणून मी बोट घातले आणि ते आतच अडले. वरून मऊसूत दिसणारी लोकर खाली नमद्यासारखी घट्ट बसली होती. बोराएवढी गाठ, अगदी कातडीला चिकटून. तिला जरासा हात लागताच पिंजूने अंग आकसून घेतले.

मी त्याला रोज विंचरत होतो, निदान तसा माझा समज होता. प्रत्यक्षात ब्रश वरच्या वर फिरत होता. केसांची टोके चकचकीत होत होती आणि मुळाशी जट वाढत होती. त्या दिवसापासून मी या कामाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. लांब केसांच्या सशाला विंचरणे हा त्याचा साजशृंगार नव्हे, ते त्याचे औषधपाणी आहे. हा केस माणसाने वाढवला, सशाच्या जिभेला तो आवरत नाही, म्हणून जिभेचे राहिलेले काम माणसाच्या हाताने पुरे करायचे असते. हे काम घरच्या घरी, सशाला न दुखवता कसे करता येते, ते इथे सांगतो.

हा केस आला कुठून?

मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द आपण दोन निरनिराळ्या प्राण्यांसाठी वापरतो. कासवाशी शर्यत लावणारा, माळावर कान टवकारून बसणारा तो आपला रानससा. त्याची पिल्ले अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच जन्माला येतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याने त्याला संरक्षण दिले आहे. त्याला पकडता किंवा घरात पाळता येत नाही. आपण पाळतो तो ससा वेगळा. तो मूळचा युरोपच्या नैर्ऋत्य टोकाचा, स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पातला. वसईवर १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे राज्य करणारे पोर्तुगीज ज्या भूमीतून आले, तिथलाच. तो जमिनीखाली बिळे खणून राहतो. त्याची पिल्ले उघडी आणि डोळे मिटलेली जन्मतात. कोरड्या टेकड्यांत, गार बिळात राहणाऱ्या या प्राण्याचा अंगचा केस आखूड असतो आणि तो चाटून साफ ठेवण्याइतकी त्याची जीभ समर्थ असते.

पुढे माणसाने त्यातले लांब केसांचे ससे निवडून निवडून वाढवले. अंगोरा हे नाव तुर्कस्तानच्या अंकारा शहरावरून पडले. साध्या सशाचा केस काही आठवड्यांत वाढून थांबतो. अंगोराचा केस त्यानंतरही वाढतच राहतो, महिन्याला साधारण अडीच सेंटिमीटर या गतीने. शिवाय तो कमालीचा बारीक, साधारण १२ ते १६ मायक्रॉन जाडीचा असतो. आपल्या डोक्यावरचा केस याच्या चार-पाच पट जाड भरतो. बारीकपणामुळेच अंगोराची लोकर ऊबदार आणि बारीकपणामुळेच ती क्षणात गुंतणारी. ओल किंवा घर्षण मिळाले की तिचा नमदा बनू लागतो.

आपल्या देशात या लोकरीचे खरे घर हिमाचलमध्ये आहे. कुल्लू खोऱ्यातल्या गडसा येथे केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे केंद्र आहे आणि तिथे अंगोरा सशांवर काम चालते. जर्मन अंगोराची लोकर तिथे ठरावीक काळाने, साधारण अडीच-तीन महिन्यांनी कातरतात. म्हणजे जिथे थंडी आहे तिथेही हा केस बेवारशी वाढू देत नाहीत. मग आगाशीसारख्या समुद्रकाठच्या गावात तो तसाच वाढवत ठेवणे किती चुकीचे!

लांब केसांचा दुसरा प्रकार म्हणजे लायनहेड. मूळ बेल्जियमचा, मानेभोवती सिंहासारखी आयाळ असलेला. मुंबईच्या बाजारांतून घरी येणारे बहुतेक ससे मिश्र जातीचे असतात आणि जरा केसाळ दिसला की विकणारा त्याला अंगोरा म्हणतो. तेव्हा नावावर जाऊ नये, केसांकडे पाहावे. नुसती आयाळ असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा विंचरले तरी भागते. पाठ, पोट, पाय सगळीकडे लोकर असेल तर रोज, फार तर एक दिवसाआड, हात फिरलाच पाहिजे. केस झडण्याच्या दिवसांत दोघांनाही रोज.

पोटात गेलेला केस

ससा दिवसातला बराच वेळ स्वतःला चाटत असतो. चाटताना सुटलेला केस पोटात जातो. मांजरही चाटते, पण मांजर केसाचा गोळा ओकून टाकते. सशाला ओकता येत नाही. त्याच्या जठराची घडणच अशी आहे की आत गेलेले फक्त पुढेच सरकू शकते. आखूड केसांचा निरोगी ससा हे केस लेंड्यांतून सहज बाहेर टाकतो. लांब केस मात्र गवताच्या तंतूंत गुरफटतात. त्यात गवत कमी पडले, पाणी कमी प्याले गेले किंवा भीतीने आतडी मंदावली, तर हा सगळा ऐवज सुकून घट्ट होतो. ससा खाणे सोडतो, पोट फुगते आणि दिवसा-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

याची सूचना लेंड्या आधीच देतात. पिंजऱ्यातल्या लेंड्या केसाने एकमेकींना जोडून माळेसारख्या दिसू लागल्या, की समजावे पोटात केस जास्त जातो आहे. लेंड्या लहान, वेड्यावाकड्या होऊ लागल्या तर आणखी सावध व्हावे. अननसाचा किंवा पपईचा रस दिला की केसाचा गोळा विरघळतो, असे पुष्कळजण सांगतात. ते खरे नाही. केस ज्या केराटिनचा बनतो, ते या रसांनी विरघळत नाही. रसातली साखर मात्र आतडी बिघडवते. खरा उपाय दोनच: अंगावरचा सुटा केस फणीत यावा आणि पोटात भरपूर गवत जावे. मोठ्या सशाच्या आहारात बहुतेक भाग वाळलेल्या आणि ताज्या गवताचाच हवा. हरळी त्याला फार आवडते. वाडीतले गवत कापताना मात्र शेजारच्या फुलझाडांवर किंवा पानवेलींवर फवारणी झालेली नाही ना, ते आधी विचारून घ्यावे.

जागा, वेळ आणि हात

‘सशाचे काळीज’ हा शब्दप्रयोग आपण भित्र्या माणसाला लावतो. खऱ्या सशाच्या बाबतीत ती शरीरशास्त्राची गोष्ट आहे. तो शिकार होणारा प्राणी आहे. वरून हात आला की त्याला घार आठवते. त्याच्या मागच्या पायांत विलक्षण जोर असतो आणि हाडे मात्र हलकी. मांजराचा सांगाडा त्याच्या वजनाच्या १२-१३ टक्के असतो, सशाचा जेमतेम ७-८ टक्के. अधांतरी धरलेल्या सशाने जोराने लाथ झाडली तर त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. म्हणून कानाला धरून उचलणे सक्त वर्ज्य. जादूगाराच्या चित्रांनी आपल्याला शिकवलेली ही सर्वांत वाईट गोष्ट. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा पार्श्वभागाखाली, आणि ससा आपल्या अंगाशी टेकलेला.

त्याला पाठीवर उताणे करून विंचरायचीही काही जणांना सवय असते. उताणा ससा निपचित पडतो आणि तो आरामात आहे असे आपल्याला वाटते. खरे तर ती भीतीची अवस्था आहे. शिकाऱ्याच्या तोंडात सापडलेला प्राणी मेल्यासारखा पडून राहतो, तशी. पोटाकडचे केस पाहायचे असतील तर त्याला मांडीवर बसवून पुढचे पाय किंचित उचलावेत. एकाने धरावे, दुसऱ्याने पाहावे.

मी टेबल वापरत नाही. जमिनीवर चटई, तिच्यावर जुना पंचा, आणि त्यावर आम्ही दोघे. इथून उडी मारली तरी पडायला उंचीच नाही. ज्यांना टेबल सोयीचे वाटते त्यांनी त्यावर रबरी चटई घालावी आणि एक हात कायम सशावर ठेवावा. वेळ सकाळी नऊ-दहाची बरी. ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला चपळ असतात. सकाळचे हिंडणे-खाणे आटोपले की ते सुस्तावतात आणि उकाडाही चढलेला नसतो. एका बैठकीला दहा-पंधरा मिनिटे पुरेत. तो चुळबुळ करू लागला की थांबावे. राहिलेले उद्या.

हत्यारे मोजकीच: लांब, गोल टोकाच्या दातांचा विरळ धातूचा कंगवा, मऊ तारांचा ब्रश आणि बोथट टोकाची लहान कात्री. उवांची बारीक फणी विंचरायला कामाची नाही, पण कातडीवर कोंडा किंवा किडा आहे का ते पाहायला उत्तम. तारांचा ब्रश आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून पाहावा. आपल्याला बोचला तर सशाला नक्की बोचणार, कारण त्याची कातडी कागदासारखी पातळ असते.

मुळापासून टोकाकडे

सुरुवात हाताने करावी. दोन्ही हातांची बोटे केसांत घालून मान, खांदे, पाठ, बगला, मांड्या असे सगळे अंग चाचपावे. गुंता डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला लागतो. जटा पहिल्यांदा कुठे धरतात हे ठरलेले आहे: कानांमागे, हनुवटीखाली, मादीच्या गळ्याच्या घडीत, बगलेत, मांड्यांच्या आत आणि शेपटीभोवती. जिथे घासते किंवा भिजते, तिथे.

मग एका हाताने केसांचा थर वर उचलून धरावा, म्हणजे खालची कातडी रेघेसारखी दिसते. त्या रेघेपासून थोडे थोडे केस खाली सोडत विंचरावे. केसांच्या वाढीच्या दिशेने, हलक्या हाताने आणि छोट्या फटकाऱ्यांनी. एक थर झाला की पुढचा. वरच्या वर फिरणारा ब्रश आणि मुळाशी पोचणारा कंगवा यांतला फरक इथेच आहे. केस झडत असताना हात किंचित ओला करून अंगावरून फिरवला तर सुटे केस तळहाताला चिकटून येतात. हे सशाला ब्रशपेक्षाही रुचते. जे आपसूक येतात तेवढेच घ्यावेत, उपटू नयेत. २०१३ साली चीनमधल्या काही अंगोरा फार्मांची चित्रफीत जगापुढे आली. त्यात जिवंत सशांची लोकर ओरबाडून काढताना ते किंचाळताना दिसत होते. एरवी तोंडातून फारसा आवाज न काढणारा हा प्राणी वेदनेची सीमा झाली की ओरडतो. आपल्या घरात ती वेळ कधीही येऊ नये.

मादी स्वतःच छातीवरचे आणि गळ्याखालचे केस उपटू लागली, तर तो बहुधा आजार नसतो. पिल्लांसाठी घरटे करण्याची ती उपजत तयारी असते आणि पोटात पिल्ले नसतानाही ती होते. पिल्ले नसतील तर मात्र तेवढे दिवस ते केस उचलत राहावेत आणि गवत वाढवावे.

जट सोडवताना

पिंजूच्या कानामागची ती गाठ कापायला मी कात्री शोधत होतो. तेवढ्यात शेजारच्या आजी आल्या. आयुष्यभर पहाटे उठून मोगरा खुडला, वेण्या-गजरे ओवले, दादरच्या बाजाराला फुले पाठवली. त्यांच्या बोटांना दोरा आणि गुंता यांची ओळख माझ्यापेक्षा जुनी.

“कात्री ठेव बाजूला,” त्या म्हणाल्या. “ओढू नको हो. पसरव.”

त्यांनी डाव्या हाताच्या चिमटीत गाठीखालचे केस, अगदी कातडीलगत, घट्ट धरले. त्यामुळे वर कितीही हालचाल झाली तरी कातडीला ओढ बसत नव्हती. उजव्या हाताच्या दोन नखांनी त्या गाठीची कड आडवी सुटी करू लागल्या. बाहेरून आत, कडेचे आधी, मधले शेवटी. पाच मिनिटांत बोराचे करवंद झाले. पिंजू अंग आकसायचा थांबला. त्याचे नाक मात्र भरभर हलत होते.

गाठ कोरडी असताना तिच्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळले तर केस एकमेकांवरून घसरू लागतात. टाल्कम पावडर मात्र वापरू नये; ती नाकात जाते आणि चाटताना पोटातही. गाठ पाण्याने भिजवणे हा सर्वांत मोठा घात. भिजलेली लोकर सुकताना आवळते आणि जट दुप्पट घट्ट होते.

एवढे करूनही गाठ सुटली नाही, तर कात्री. आणि इथे सर्वांत जास्त जपायचे. जट कातडीला वर ओढून धरते, त्यामुळे गाठीच्या पोटात तंबूसारखी वर आलेली कातडी असू शकते. आडवी कात्री मारली की चटकन मोठी जखम होते. म्हणून आधी जट आणि कातडी यांच्या मधून कंगवा सरकवावा. कंगव्याचे दात ही कातडीची ढाल. कात्री नेहमी त्या ढालीच्या वर. आणि गाठ आडवी कापून टाकण्यापेक्षा केसांच्या दिशेने उभी चिरावी. दोन-तीन फाकी झाल्या की त्या बोटांनी सुटतात. कंगवा आत सरकतच नसेल तर थांबावे. अशी जट पशुवैद्यांनी मशीनने काढायची असते.

केस आखूड ठेवण्याचा विचार

सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतल्या रक्तवाहिन्यांमधून बाहेर टाकतो. पारा तिशीच्या वर गेला की त्याला त्रास होतो आणि हवेत दमटपणा असेल तर आणखी. आगाशीचा एप्रिल-मे म्हणजे दोन्ही गोष्टी एकत्र. अशा हवेत चार-पाच इंचांची लोकर अंगावर ठेवणे म्हणजे त्याला गोधडीत गुंडाळून चुलीपाशी बसवणे.

म्हणून किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी लांब केस मिरवण्याचा मोह सोडावा. फाल्गुनातच केस दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत उतरवावेत आणि मग दर दोन-अडीच महिन्यांनी तेवढेच ठेवावेत. अगदी तुळतुळीत करू नये. उरलेला थर ऊन, डास आणि खरचटण्यापासून कातडी वाचवतो. पाठीच्या मध्यापासून सुरू करून बाजूंना उतरावे, आणि पुन्हा कंगव्याची ढाल लावूनच. मशीन वापरत असाल तर त्याचे पाते दर दोन मिनिटांनी मनगटाला लावून पाहावे. ते भराभर तापते.

काही ठिकाणी हात फार हळू चालवावा. कानांच्या कडा केसांत लपलेल्या असतात. मादीची स्तनाग्रे लोकरीखाली दिसत नाहीत, ती आधी बोटाने शोधावीत. शेपटीच्या मुळाशी कातडीची घडी असते. मिशांना हात लावू नये. आणि तळव्यांचे केस कधीही कापू नयेत. कुत्र्या-मांजरांना असते तशी गादी सशाच्या तळव्याला नसते. तिथले दाट केस हीच त्याची पादत्राणे. ते गेले की टाचा सोलवटतात आणि जखमा महिनोन् महिने बऱ्या होत नाहीत.

आंघोळ नको

‘एवढा मळला आहे, एकदा साबण लावून धुऊन काढू’ हे वाक्य मी कितीतरी घरांत ऐकले आहे. सशाला आंघोळ घालू नये. पाण्यात बुडवलेल्या सशाला भीतीनेच धक्का बसू शकतो. दाट लोकर तासन् तास सुकत नाही, आतली कातडी ओली राहून सडू लागते, बुरशी धरते. मळ कोरडा असेल तर थोडे कॉर्नफ्लोअर लावून विंचरून काढावा. शेपटीखाली घाण चिकटली असेल तर तेवढाच भाग कोमट पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसावा आणि लगेच कोरड्या पंच्याने पूर्ण सुकवावा.

आणखी एक गोष्ट गाठीला बांधावी: सशाच्या अंगाला जे लावाल ते त्याच्या पोटात जाणार. रॉकेल, फिनेल, जंतुनाशके, कापराचे तेल यांपैकी काहीही त्याला लावू नये. कुत्र्याच्या गोचिडांवर मिळणारी फिप्रोनिल असलेली औषधे सशाला विषारी ठरतात. कोंडा पडतो, खपल्या धरतात, कान खाजवून खाजवून आत पोळ्यासारखे थर बसतात, ही माइट किड्यांची लक्षणे आहेत आणि त्यावर सशाला चालणारे औषध डॉक्टरच वजन करून देतात. गोल टक्कल पडून कडा लाल झाल्या तर तो नायटा असू शकतो. तो माणसालाही होतो. घरात लहान मुले असतील तर अधिक जपावे.

पावसाळा आणि वाडी

आगाशीचा पाऊस सुरू झाला की आपल्या कपड्यांना वास येतो, गवताला बुरशी धरते आणि सशाच्या लोकरीत ओल मुरते. याच दिवसांत माश्या वाढतात. ससा दोन तऱ्हेच्या लेंड्या टाकतो. एक कोरड्या, गोल. दुसऱ्या मऊ, चकचकीत, घोसासारख्या. त्या तो थेट तोंडाने उचलून खातो. ही त्याची घाण सवय नव्हे, त्यातून त्याला जीवनसत्त्वे मिळतात. लांब केसांच्या सशाला मात्र त्या नीट उचलता येत नाहीत. त्या केसांत चिकटतात, मूत्राने भिजतात आणि माशी तिथे अंडी घालते. दिवसभरात अळ्या बाहेर पडतात आणि जिवंत कातडी पोखरू लागतात. वरून दिसणारा ससा गुबगुबीतच असतो. खाली काय चालले आहे ते केस उचलल्याशिवाय कळत नाही.

म्हणून पावसाळ्यात दिवसातून दोन वेळा शेपटी उचलून पाहणे हा नेम. मांड्यांच्या आतले आणि शेपटीखालचे केस या दिवसांत आखूडच ठेवावेत. एक जरी अळी दिसली तरी घरी उपचार करत बसू नये, त्याच तासाला डॉक्टर गाठावा. मऊ लेंड्या वारंवार चिकटत असतील तर गोड फळे आणि दाणे कमी करून गवत वाढवावे. आमच्याकडे केळी अमाप. पण सशाला केळे म्हणजे नखाएवढा तुकडा, तोही कधीतरी.

वाडीत मोकळा सोडलेला ससा परतताना काय काय घेऊन येतो! आघाड्याची बोंडे, गवताची कुसळे, नारळाच्या काथ्याचे तंतू. कुसळ केसांतून कातडीत आणि कातडीतून आत शिरते. बाहेरून आला की आधी अंग चाचपावे, मग पिंजऱ्यात ठेवावे. भाताचा पेंढा आणि लाकडाचा भुसा लोकरीत अडकून नव्या जटा सुरू करतात. त्यांच्याऐवजी जुनी सुती चादर घडी करून अंथरावी आणि रोज बदलावी. तारेची नुसती जाळी तळव्यांना वाईट. उन्हाळ्यात माझ्याकडे आणखी एक सोय असते: जुन्या घराची मंगलोरी कौले. एक कौल पाण्यात बुडवून, निथळून पडवीत ठेवले की पिंजू त्याला पोट टेकून पडतो.

नखे, कान, दात

विंचरायला मांडीवर घेतलाच आहे, तर बाकीची पाहणीही उरकावी. सशाला १८ नखे असतात: पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. महिना-दीड महिन्याने ती कापावी लागतात. पांढऱ्या नखात आतली गुलाबी रक्तवाहिनी दिसते. तिच्या बरेच पुढे कापावे. काळ्या नखामागे मोबाइलचा उजेड धरला की ती दिसते. चुकून रक्त आले तर त्यावर कॉर्नफ्लोअर दाबून धरावे. एका दिवसात १८ नखे झालीच पाहिजेत असे नाही. रोज चार कापली तरी चालते.

कानात काडी, कापसाचा बोळा घालू नये, नुसते उजेडात पाहावे. पुढचे दात एकमेकांवर नीट बसतात का ते पाहावे. सशाचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवताच्या चर्वणानेच झिजतात. डोळ्यांखालचा केस सतत ओला असेल किंवा हनुवटी लाळेने चिकट असेल तर कारण बहुधा दातांत असते. विंचरण्याची बैठक म्हणजे अशी रोजची तपासणीच.

डॉक्टर कधी

बारा तास काही खाल्ले नाही किंवा लेंडी टाकली नाही, तोंड उघडून धाप टाकतो आहे, मान वाकडी झाली आहे, कात्रीने कातडी फाटली आहे: यांपैकी काहीही झाले तर थांबू नये. उष्माघात वाटला तर कान पाण्याने ओले करत, गार हवेत न्यावे; बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. घरातले प्रतिजैविक देऊ नये. माणसाला चालणारे अमॉक्सिसिलीन तोंडातून दिले तर सशाच्या आतड्यांतले उपयोगी जंतू मारून जीव घेऊ शकते.

गावातले पशुवैद्य बहुधा गुरांचे आणि कुत्र्या-मांजरांचे. सशांची माहिती असलेला डॉक्टर विरार-वसई भागात कोण, हे आजार येण्याआधीच शोधून, एकदा ससा दाखवून ठेवावा. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे जुने रुग्णालय आहे आणि १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयही तिथेच. पण आगाशीहून विरार स्टेशन, तिथून लोकल, असा प्रवास आजारी सशाला लांबचा पडतो. जायचेच झाले तर हवेशीर टोपली, आत पंचा आणि गवत, आणि गर्दीची वेळ टाळून.

पिंजूची ती गाठ सुटायला तीन दिवस लागले. त्याच आठवड्यात, रोज पंधरा मिनिटे याप्रमाणे, मी त्याची सगळी लोकर दोन बोटे उंचीवर आणली. पांढऱ्या ढगासारखा दिसणारा ससा एकाएकी निम्मा झाला. घरातली मुले हिरमुसली. मलाही पहिल्या क्षणी चुकल्यासारखे वाटले.

त्या संध्याकाळी दिवा लावून मी पडवीत आलो तर पिंजू कौलावर बसला होता. त्याने मान वळवली, कंबरेपर्यंत नेली आणि पाठीवरचा केस चाटायला लागला. एरवी त्याची जीभ लोकरीच्या टोकांतच बुडून जायची. आज ती कातडीपर्यंत पोचत होती. तो बराच वेळ चाटत होता. मग दुसरी बाजू, मग पाय, मग दोन्ही पंजे ओले करून कान. मी कंगवा खाली ठेवला. तेवढे त्याचे त्याला करता येत होते.